घट बसले की करू

माझाच मेसेज त्यांनी कागदावर छापून आणला होता. मोबाईलवर तो दीड ओळीचा होता. कागदावर चांगला पसरलेला दिसत होता, वर तारीख, वेळ, आणि माझ्या नावाशेजारी मी त्या काळी लावलेला झेंडूच्या फुलाचा फोटो. ‘ताई, पक्ष चालू आहे. आत्ता नको. घट बसले की करू.’ शुभाताईंच्या वकिलांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि पालकसभेला आलेल्या आईशी बोलावं तशा गोड आवाजात विचारलं, “हा मेसेज तुमचाच ना, मॅडम?” हो म्हटलं. “तुम्हीच टाइप केलात?” हो. “कुणाच्या सांगण्यावरून?” कुणाच्या नाही. “म्हणजे एकोणीस सप्टेंबर दोन हजार सोळाला, खरेदीखताच्या आदल्या दिवशी, ‘आत्ता नको’ हे शब्द तुमचे स्वतःचे.” हा प्रश्न नव्हता, त्यामुळे याला काय म्हणायचं ते मला कळेना. जज साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, टायपिस्टबाईंनी बोटं मोडली आणि सुटी झाली, अडीचपर्यंत. मी पिंजऱ्यातून उतरले तर कागद अजून माझ्याच हातात. नऊ वर्षांनी आपलं वाक्य आपल्याला परत मिळावं आणि ते दुसऱ्याच कुणाचं वाटावं, तसं झालं.

माझ्या वकील नीलम मॅडम माझ्या अंगावरून निघून गेल्या, दाराशी कुणाची तरी चप्पल पडलेली असावी तशा. त्यांनी सकाळीच बजावलं होतं, उलटतपासणी अर्ध्यावर असताना साक्षीदारानं आपल्या वकिलाशी एक शब्द बोलायचा नसतो, जेवलात का हेसुद्धा मी विचारणार नाही. सुबोध, माझा नवरा, मागच्या बाकावरून उठून आला. “मी काही चुकीचं बोलले का रे?” “मला काय विचारतेस? मला तर फाईलमधली आपली नावंच तेवढी कळतात,” असं म्हणून तो चहा आणायला गेला. त्याचा हा गुण मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ओळखून आहे. काही बोलायची वेळ आली की तो काहीतरी आणायला जातो. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

दावा अगदी साधा आहे. लोकांना सांगायला गेलं की अवघड होतो. मुलुंड पूर्वेला आमची जुनी सोसायटी, दुसऱ्या मजल्यावर आमचं खोली-स्वयंपाकघर, आणि शेजारी तेवढंच शुभाताईंचं. मध्ये एक भिंत. त्या वर्षी एप्रिलमध्ये ताईंचे यजमान विद्याधर भाऊजी गेले. मुलगा मिहिर त्यांना ठाण्याला आपल्याकडे बोलवत होता. ताई मला म्हणाल्या, बाहेरच्याला देण्यापेक्षा तूच घे सुलू, भिंत फोडा आणि सुखात राहा. जुलैत साठेखत झालं, थोडी रक्कम दिली, बाकीचं कर्ज बँकेनं मंजूर केलं. तीस सप्टेंबरच्या आत खरेदीखत करायचं असं लिहिलेलं होतं आणि वीस तारीख नक्की झाली होती. एकोणीसला मी हा मेसेज पाठवला. घट बसले आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली, इमारत पाडून नवी बांधणार, प्रत्येकाला मोठं घर मिळणार. ताई म्हणाल्या, मुदत संपली, आता विकायचं नाही. ठाण्यालाही गेल्या नाहीत. इमारत अजून पाडली नाही ती नाहीच, ती पुन्हा वेगळी कथा. मी दावा लावला, दिलेले पैसे परत नकोत, ठरलेलं घर द्या. कायदा याला नाही म्हणत नाही. त्याची एकच अट आहे. मागणाऱ्यानं दाखवायचं की करार झाल्या दिवसापासून आजपर्यंत तो रोज तयार आणि इच्छुक होता. तयार होते याला बँकेचं पत्र आहे. इच्छुक होते याचं पत्र कोण देणार?

मी शाळेच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं रजेचे अर्ज घेते. एवढ्या काळात मी दुसरं काही शिकले नसेन, पण सबब मला पाकिटातून कळते. खऱ्या दुखण्याचा अर्ज चार ओळींचा असतो आणि अक्षर वाकडं असतं. खोट्या अर्जात कारण आधी येतं, माफी नंतर, आणि शेवटी कामावर हजर होण्याची तारीख इतकी नेमकी की त्या माणसाचा ताप कॅलेंडर बघूनच चढला असावा. आमचे चित्रकलेचे सर देवाधर्माची सबब देत, तिला मुख्याध्यापिका कधी हात लावत नसत. सत्यनारायणाला खोटं कोण म्हणणार? सर पावसाळ्यात तीन-तीन सत्यनारायण करायचे आणि मनोरीला मासे पकडायला जायचे. मला ठाऊक होतं, मी अर्ज फाईल करायची आणि गप्प बसायची. माझ्या डोक्यात मात्र शाळेतल्या प्रत्येकाचं एक पान आहे, कोण कशाच्या आड लपतो त्याचं. आता हातातला कागद मी त्याच नजरेनं वाचला. कारण आधी. नकार मध्ये. हजर होण्याची तारीख शेवटी. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी मनातल्या मनात हसले असते.

कारण आमच्या घरात पक्ष पाळत कोण होतं? सासरे कणकवलीजवळ गावी असायचे, काशीराम राऊळ, गिरणीत बत्तीस वर्षं काढलेले. त्यांना मी अठरा तारखेला फोन केला होता, पक्षात सही नको ना, असं विचारायला. मला वाटलं होतं ते हो म्हणतील, म्हणजे नको म्हणतील. ते म्हणाले, “गो, पितरांका काय दुसरी कामा नाय? ते काय तुझे कागद वाचूक येवचे नाय. तुमका बरा दिसता तेवा करा.” एवढी मोकळी परवानगी मला आयुष्यात कुणी दिली नव्हती, आणि नेमकी तीच मला नको होती. फोन ठेवला, एक दिवस जाऊ दिला आणि मेसेज टाइप केला. सुबोधला सांगितलं, बाबा म्हणाले पक्षात नको. त्यानं बाबांना विचारलं नाही. तो कधीच विचारत नाही, हे माझ्याकडच्या त्याच्या पानावर लिहिलेलं होतंच.

वीस तारखेला सही झाली असती तर दसऱ्याला भिंत फुटणार होती आणि दिवाळीआधी बाबा कायमचे येणार होते. घर त्यांच्यासाठीच घेत होतो, मीच सुचवलं होतं, सगळ्यांनी मला केवढी शाबासकी दिली होती. सासूबाई त्याआधी सहा वर्षं आमच्याच खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. त्या गेल्या, मग आमची जान्हवी कॉलेजच्या होस्टेलवर गेली, आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर त्या खोलीत दीड तास कुणी नसायचं. सुबोध सातला यायचा. त्या दीड तासात मी काही करायची नाही. दिवा लावायची नाही, चहा ठेवायची नाही, पर्स मांडीवर तशीच. अंधार वाढताना भांड्यांच्या कडा आधी दिसेनाशा होतात आणि मग डबे, हे मी तेव्हा पाहिलं. त्याचे आणखी पंधरा दिवस मला हवे होते. जास्त मागितले नव्हते. पंधरा दिवसांनी मी सही करणारच होते. पण ही ‘करणारच होते’ कुठल्या रकान्यात बसते? तयार होते. इच्छुक, त्या पंधरवड्यात, नव्हते. जगात हे फक्त मला माहीत आहे असं मी नऊ वर्षं धरून चालले.

बाबा आले ते पुढच्या वर्षी, गावच्या पायरीवरून पडल्यानंतर, आणि आमच्या त्याच खोलीत, दारामागच्या खाटेवर. आल्या आल्या त्यांनी काठीच्या मुठीनं भिंत वाजवून पाहिली. “हयसर दरवाजो काढूचो. हयसर भीत हलकी आसा.” पेन्सिल मागून घेतली आणि कान टेकवून, थोडं थोडं वाजवत, भिंतीवर उभी चौकट काढली. पाच वर्षं त्या चौकटीसमोर झोपले. कोर्टाची तारीख असली की मी साडी नेसून निघायची आणि ते विचारायचे, “आज फुटतली?” मी म्हणायची, आज नाही बाबा, पुढची तारीख. ते कधी चिडले नाहीत, त्यामुळे चिडायचं कामही माझ्याकडेच आलं. खाट ओलांडून स्वयंपाकघरात जाताना रोज माझी पोटरी लोखंडाला लागायची आणि रोज मला वाटायचं, हे मी स्वतः मागून घेतलंय, पंधरा दिवसांच्या बदल्यात. बावीस साली गेले. तोवर घराच्या इच्छेनं मला जे धरलं होतं ते सुटलं नव्हतं. प्रत्येक प्रतिज्ञापत्रात लिहायचं, वादी आजही तयार व इच्छुक आहे, आणि सही करायची. एवढ्या वेळा लिहिलं की ते खरं झालं. आता रात्री पलीकडे ताईंची खुर्ची सरकली तरी मला कळतं कुठून कुठे सरकली. त्या घरात पडदा कुठे लावायचा, हे माझं ठरलेलं आहे. बाबा नाहीत, जान्हवी बंगळुरात, आता घेऊन करणार काय, असं सुबोध विचारतो. त्याला सांगता येत नाही की आता कशासाठी तरी नको आहे, नुसतं हवं आहे. पहिल्या दिवशी असं हवं असतं तर!

“सुलू, पाय वर घे. सुजलेत.”

शुभाताई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, मांडीवर जेवणाचा डबा. मिहिर खाली वकिलांबरोबर गेला असावा. आम्ही दोघी एकाच जिन्यावरून उतरून, वेगवेगळ्या रिक्षा करून, आरेतून इथवर येतो. गेल्या महिन्यात एका तारखेला त्यांची रिक्षा बंद पडली तेव्हा मी माझीत घेतलं होतं. वाटेत दोघी आपापल्या बाजूनं बाहेर बघत होतो.

“असू देत, ताई.”

“असू देत काय? मीठ कमी कर म्हणून किती वेळा सांगितलं. रोज पापड तळतेस, मला वास येतो पलीकडे.”

“मग पापडांवरही हरकत नोंदवा. लेखी.”

त्या हसल्या. डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. “मिहिर म्हणतो, माझी पाळी आली की नुसतं ‘आठवत नाही’ म्हणायचं. प्रत्येक प्रश्नाला.”

“मग म्हणा की.”

“पण मला सगळं आठवतं गं. तोच तर त्रास आहे. तुझा मेसेज आला, मी दार उघडून तुला म्हटलं, बरं झालं बाई तूच म्हणालीस, पक्षात मलाही नकोच होतं, पाच-पंधरा दिवसांनी काय बिघडतंय. म्हटलं होतं की नाही?”

“म्हटलं होतंत.”

माझा अख्खा दावा या एका वाक्यावर उभा आहे. नीलम मॅडमनी मला ते शंभरदा समजावलंय. ताईंनी पिंजऱ्यात उभं राहून हे कबूल केलं तर मुदत दोघींनी मिळून पुढे नेली असं होतं. नाहीतर मी एकटी मागे हटले. मेसेज कागदावर आहे. त्यांचं वाक्य जिन्यात बोललेलं, तिथेच राहिलं.

“आणि चार दिवसांनी,” ताई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, “तुझ्या दारात मिक्सरचा खोका. नवा. पक्षातच.”

मला आधी मिक्सर आठवला, पांढरा, पक्षात गिऱ्हाईक नसतं म्हणून दुकानदारानं सवलतीत दिलेला. म्हणजे ताईंनी तो तेव्हाच पाहिला होता. नऊ वर्षं!

“वकिलांना सांगितलंत?”

“नाही. मिहिरलाही नाही.”

“का?”

“कारण तो खोका बघून मला वाटलं, ह्यांचा जीव त्या घरात गेला म्हणून हिला ते नकोसं झालंय. तोंडावर सांगता येईना म्हणून पितरांना पुढे केलं. मग मिहिर थांब म्हणाला, मी थांबले. नको असलेल्या माणसाच्या गळ्यात कशाला बांधायचं माझं घर? पैशासाठी फिरले असं तुझ्या कागदांत लिहिलंयस. वाचून दाखवलं मला.”

“ताई, भाऊजींचा काही संबंध नव्हता. शपथ.”

“मग काय होतं?”

मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. “मला नको सांगूस. इथे बाकावर काय, कुणीही काहीही सांगतं. आत सांग. तू तिथे खरं बोललीस तर मीही जे आठवतं ते बोलेन. नाहीतर मलाही काही आठवत नाही. मी म्हातारी आहे, मला शोभेल ते.” आणि डबा उचलून त्या उठल्या. सुबोध चहा घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, “तूच पी.”

अडीचपर्यंत मी ताईंचं पान उघडून बसले होते. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. शाळेतल्या शिपायापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत कुणाचाही चेहरा मला वाचता येतो, आणि भिंतीपलीकडच्या बाईनं नऊ वर्षं एक खोका पोटात ठेवला तो मला दिसला नाही. ही बाई शब्द पाळेल का? की हे मिहिरनं पढवलंय, मी खरं बोलायचं आणि यांनी मग आठवत नाही म्हणायचं? पण पढवलेलं असतं तर खोका आधीच कोर्टात आला असता. मीठ कमी कर म्हणणारी बाई सापळा लावेल का? लावेलही, मीठ आणि सापळा दोन वेगळी खाती आहेत. विचारायला नीलम मॅडम वीस फुटांवर होत्या, माझ्याकडे पाठ करून पोळी खात. शेवटी मी ठरवलं. बोलायचं. प्रश्न आला की सरळ सांगायचं. ठरवल्यावर पायही हलके झाले.

प्रश्न मात्र आलाच नाही. दुपारनंतर वकिलांनी प्रश्न विचारणं सोडून दिलं आणि विधानं करायला लागले. त्यांची ती पद्धत असते, त्यांची बाजू एकेक वाक्य करून साक्षीदारापुढे ठेवायची, साक्षीदारानं खरं की खोटं तेवढं म्हणायचं. “तुमच्याकडे त्या वेळी पुरेसे पैसे नव्हते.” खरं नाही. “बँकेचं पत्र तुम्ही नंतर मिळवलंत.” खरं नाही. “नोटिशीची बातमी तुम्हाला कमिटीतून आधीच लागली होती.” खरं नाही. टायपिस्टबाई माझ्या तोंडातून शब्द पडायच्या आत टाइप करत होत्या, ‘असे म्हणणे खरे नाही’, ठक ठक ठक. “प्रतिवादी एकट्या, विधवा, याचा तुम्ही फायदा घेतलात.” खरं नाही. “सासऱ्यांना तिथे ठेवायचं होतं ही रचलेली गोष्ट आहे.” खरं नाही! इथे माझा आवाज चढला, पेन्सिलीची चौकट डोळ्यांपुढे आली, बाबांचा भिंतीला टेकलेला कान आला, यांना काय माहीत, कोण कुठले हे. “पितृपक्ष ही निव्वळ सबब होती, प्रत्यक्षात तुमची घर घेण्याची इच्छा नव्हती.” खरं नाही. “आजही तुम्हाला घर नको, भरपाई हवी आहे.” खरं नाही. “तुम्ही खोटी साक्ष देत आहात.” खरं नाही. “संपलं, साहेब.”

वकील खाली बसले तेव्हा मला ऐकू आलं, मी मधे काय म्हणाले ते. भांडं हातातून सुटल्यावर आवाज मागून येतो, तसं. नीलम मॅडम समाधानानं फाईल बांधत होत्या. त्यांच्या हिशेबी मी उत्तम साक्ष दिली होती, कुठे अडखळले नाही. मागे वळून बघायचं मला धाडस झालं नाही. टायपिस्टबाईंनी सहा पानं काढून पुढे ठेवली. “वाचून घ्या, काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा, मग सही करा.” मी वाचायला लागले. अठ्ठावीस वर्षं कागद वाचतेय, पण स्वतःचं ‘खरे नाही’ इतक्या वेळा, एकाखाली एक, ओळीनं उभं असलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाचव्या पानावर, मधोमध, इतरांसारखंच एक. काहीच वेगळं दिसत नव्हतं त्यात. सही केली असती तर जगात कुणाला कळलं नसतं, एक जण सोडून.

“साहेब, हे उत्तर मला बदलायचंय.”

“साहेब, उत्तर नोंदवून झालेलं आहे,” समोरचे वकील बसल्या जागेवरून म्हणाले. नीलम मॅडमच्या हातातली फाईलची नाडी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की नऊ वर्षांची ओळख पुसली गेली.

“ऐकून तर घेऊ,” जज साहेब म्हणाले. “दोन्ही नोंदी राहतील. बोला, काय बदलायचंय?”

आता मी मागे वळले. शेवटच्या बाकावर सुबोध एकटाच होता. त्याच्या शेजारी, जिथे ताई बसल्या होत्या तिथे, कुणी नव्हतं. मिहिरही नव्हता. मी भुवया उंचावल्या. सुबोधनं हातानं दाराकडे दाखवलं, आणि मग तळहात हलवून, मघाशीच, केव्हाच. केव्हा ते मला विचारायची गरज नव्हती. पाचव्या पानाच्या मध्याशी.

“बोला मॅडम, वेळ होतोय.”

“ती सबब होती,” मी म्हटलं, दाराकडे तोंड करून. “पक्ष मी पाळत नाही. त्याच पक्षात मी मिक्सर घेतला. माझे सासरे राहायला येणार होते, मला आणखी पंधरा दिवस घरात कुणी नको होतं, म्हणून घर नको होतं. बाकी कशामुळे नाही. त्या घरात कोण गेलं त्यामुळे तर मुळीच नाही!”

“मॅडम, इकडे बघा,” जज साहेब म्हणाले, “आणि ओरडू नका. ऐकू येतंय.”